चुरगळणारे पटल: साखळी, जाळी आणि ताठरपणाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

मण्यांची त्रिकोणी जाळी (हेच आपले पटल) संगणकात त्रिमितीत मोकळी सोडायची, तिच्या घड्यांना थोडाथोडा ताठरपणा देत जायचे, आणि चुरगळलेला गोळा नेमक्या कोणत्या ताठरपणाला उलगडून सपाट होतो ते शोधायचे. पद्धत मॉन्टे कार्लो: एकेक मणी यादृच्छिकपणे हलवून पाहायचा आणि ऊर्जेच्या फरकावरून हालचाल स्वीकारायची की नाकारायची ते ठरवायचे. सगळे मणी एकदा झाले की एक फेरी. पहिली जाळी स्वतःमधून आरपार जाऊ शकणारी. मण्यांना जाडी पुढच्या टप्प्यात द्यायची.

ऊर्जेचे दोनच भाग आहेत. दर बंधाला (शेजारच्या दोन मण्यांमधल्या जोडणीला) लांबीच्या वर्गाचा अर्धा, म्हणजे नैसर्गिक लांबी शून्य असलेली स्प्रिंग. आणि ज्या बंधाच्या दोन्ही बाजूंना त्रिकोण आहेत त्या प्रत्येकाला कप्पा × (१ − त्या दोन त्रिकोणांवरच्या एकक लंबांचा अदिश गुणाकार). कप्पा (ग्रीक κ) हा घडीच्या ताठरपणाचा आकडा. अशा बंधाला यापुढे बिजागरी म्हणू, कारण तो तेच काम करतो. औष्णिक ऊर्जा १ धरली आहे, त्यामुळे कप्पा हे ताठरपणा आणि तापमान यांचे गुणोत्तर आहे. कप्पा वाढवणे म्हणजे पटल थंड करणे.

टेबलावरच्या चुरगळलेल्या कागदाशी याची गल्लत होऊ नये. कागदाला घडी पडली की तंतू कायमचे मोडतात आणि उष्णतेच्या हालचालीने ती घडी उलगडत नाही. इथली प्रत्येक घडी परत उलगडू शकते, म्हणूनच इथे अवस्थांतराबद्दल बोलता येते.

८ जानेवारी

जाळीआधी साखळी, कारण साखळीचे उत्तर कागदावर निघते. २०० मणी, १९९ बंध, तीच स्प्रिंग, आणि लागोपाठच्या दोन बंधांमधल्या कोनाला कप्पा × (१ − कोज्या). बंधांच्या लांब्या आणि दिशा एकमेकांपासून सुट्या होतात, म्हणून कोज्येची सरासरी अचूक येते: कप्पाची अपास्तरिक सहस्पर्शज्या (coth) वजा १/कप्पा. कप्पा १ ला ०.३१३०, कप्पा ५ ला ०.८००१. प्रोग्रामने दोन्ही आकडे चौथ्या स्थानापर्यंत दिले.

टोकापासून टोकापर्यंतच्या अंतराचाही ताळा घेतला. दर बंधाच्या लांबीच्या वर्गाची सरासरी ३, सरासरी लांबीचा वर्ग ८/पाय म्हणजे २.५४६. कप्पा १ ला, खूप लांब साखळीत, दर बंधामागे अंतराचा वर्ग ५.३२ यायला हवा. १९९ बंधांत टोकांमुळे ५.३०. आला ५.३०.

९ जानेवारी

साखळीत अवस्थांतर का नाही, ते याच सूत्रातून दिसते. दर कोनामागची विशिष्ट उष्मा (तापमानाबरोबर ऊर्जा किती बदलते त्याचे माप) १ − (कप्पा भागिले कप्पाची अपास्तरिक ज्या, sinh)चा वर्ग. कप्पा शून्यापासून अनंतापर्यंत नेला तर हा आकडा ० पासून १ पर्यंत गुळगुळीत चढतो. अवस्थांतराची खूण असणारे शिखर कुठेच नाही, आणि साखळी कितीही लांब केली तरी वक्र तोच राहतो. ताठरपणा वाढवला की साखळी जास्त अंतरापर्यंत सरळ राहते, पण पुरेशी लांब असेल तर शेवटी भरकटतेच. डीएनएची दुहेरी साखळी साधारण ५० नॅनोमीटरपर्यंत आपली दिशा राखते, त्यापुढे विसरते. जाळीत वेगळे काही घडत असेल तर ते दोन मितींमुळेच, म्हणून हा वक्र पुढच्या प्रत्येक आलेखावर तुलनेसाठी ठेवायचा.

१३ जानेवारी

जाळी तयार. आकार समभुज चौकोनाचा, बाजूला ल मणी, कडा मोकळ्या. मोजणी आधी हाताने केली आणि मग प्रोग्रामला करायला लावली, कारण कडेवरचा एखादा त्रिकोण सुटला तर तो पुढे कधीच दिसत नाही.

बंध (ल−१)(३ल−१), त्रिकोण २(ल−१)², बिजागऱ्या (ल−१)(३ल−५). ल = १६ ला ७०५, ४५०, ६४५. ल = ३२ ला २९४५, १९२२, २८२१. ल = ६४ ला १२०३३, ७९३८, ११७८१. ताळा असा: त्रिकोणांची तिप्पट बरोबर बिजागऱ्यांची दुप्पट अधिक कडेचे ४(ल−१) बंध. ल = १६ ला १३५० = १२९० + ६०. जुळले.

कोपरे सारखे नाहीत. दोन लघुकोनी कोपऱ्यांतल्या मण्यांना दोनच शेजारी, विशालकोनी कोपऱ्यांना तीन. लघुकोनी कोपऱ्याचा मणी खूप उड्या मारतो. तो दोष समजून दुरुस्त करायला जाऊ नये.

१५ जानेवारी

या प्रतिकृतीची सर्वांत उपयोगी गोष्ट. सगळी जाळी एकाच पटीत मोठी केली तरी लंबांच्या दिशा बदलत नाहीत, म्हणजे वाकण्याची ऊर्जा बदलत नाही. फक्त स्प्रिंगांची ऊर्जा त्या पटीच्या वर्गाने वाढते. यावरून निघते की स्प्रिंगांच्या एकूण ऊर्जेची सरासरी, कप्पा काहीही असो, नेमकी ३(न−१)/२ असली पाहिजे. न म्हणजे मण्यांची संख्या. ल = १६ ला ३८२.५, ल = ३२ ला १५३४.५, ल = ६४ ला ६१४२.५. एक मणी वजा होतो तो सगळी जाळी एकत्र सरकण्याच्या मोकळिकीचा.

हा आकडा आता प्रत्येक धावेच्या शेवटी छापला जातो, आणि त्रुटीच्या दुपटीबाहेर गेला तर ती धाव बाद. वेगळी खटपट न करता मिळणारा एवढा कडक ताळा क्वचितच सापडतो.

यातून आणखी एक गोष्ट कळते. ल = ३२ ला बंधाच्या लांबीच्या वर्गाची सरासरी ३०६९/२९४५ = १.०४, आणि तीही कप्पावर अवलंबून नाही. म्हणजे चुरगळलेल्या आणि सपाट पटलात बंध सरासरीने तेवढेच लांब असतात. पटल ‘पसरते’ तेव्हा ताणले काहीच जात नाही, फक्त घड्या उलगडतात.

१७ जानेवारी

आणि हाच ताळा कुठे आंधळा आहे तेही दोन दिवसांत कळले. कप्पा वाढवला तर पटल उलगडण्याऐवजी लहान होत गेले आणि शेवटी जवळजवळ एकाच त्रिकोणाएवढे झाले. स्प्रिंगांची ऊर्जा मात्र अगदी ३८२.५.

कारण लंबांची दिशा. जाळीत टोक वर असलेले आणि टोक खाली असलेले असे दोन प्रकारचे त्रिकोण असतात. दोन्हींचे शिरोबिंदू एकाच फिरकीने घ्यायचे असतात, पण खालच्या प्रकारात क्रम उलटा पडला होता. प्रत्येक बिजागरी एका वरच्या आणि एका खालच्या त्रिकोणाला जोडते, त्यामुळे सगळ्याच बिजागऱ्या उलट्या झाल्या आणि जाळीला पूर्ण मिटणे स्वस्त पडू लागले. त्रिकोणी जाळी एका त्रिकोणावर पूर्ण घडी घालता येते, तेच तिने केले. चुकलेली ऊर्जाही पट बदलल्याने बदलत नाही, म्हणून १५ तारखेचा ताळा गप्प बसला.

यापुढे सुरुवातीची चाचणी: पूर्ण सपाट जाळीची वाकण्याची ऊर्जा (कप्पाने गुणण्याआधीची) ० हवी. चुकलेल्या आवृत्तीत ल = १६ ला ती २ × ६४५ = १२९० येत होती. एका ओळीची तपासणी आहे, पहिल्याच दिवशी घालायला हवी होती.

२० जानेवारी

आतला एक मणी हलवला की सहा बंध आणि सहा त्रिकोण बदलतात, पण बिजागऱ्या बारा: मण्यापासून निघणाऱ्या सहा आणि भोवतालच्या षटकोनाच्या कडेवरच्या सहा. कडेवरच्या बिजागरीची दोन्ही टोके जागेवरच असतात, म्हणून ती नजरेतून निसटते. तिचा आतला त्रिकोण मात्र तिरपा झालेला असतो. पहिल्या आवृत्तीत सहाच मोजल्या होत्या.

पकडण्याची रीत: दर हालचालीच्या फरकाने चालवलेली एकूण ऊर्जा आणि दर १००० फेऱ्यांनी पहिल्यापासून मोजलेली ऊर्जा यांची वजाबाकी. बरोबर असेल तर फरक दशांशाच्या नवव्या-दहाव्या स्थानावर राहतो. इथे तो पहिल्याच तपासणीत पूर्णांकात होता.

२१ जानेवारी

एका धावेत सगळे आकडे ‘नॅन’ (NaN, म्हणजे ‘ही संख्याच नाही’ असे संगणकाचे उत्तर). स्प्रिंगची नैसर्गिक लांबी शून्य असल्यामुळे एखादा त्रिकोण जवळजवळ रेषेएवढा चपटा होतो, क्षेत्रफळ शून्याकडे जाते आणि लंब काढताना शून्याने भागाकार होतो. ‘फरक धन आहे आणि यादृच्छिक संख्या मोठी आहे, तर नाकारा’ असे लिहिले तर नॅनची कोणतीही तुलना खोटी ठरते आणि हालचाल स्वीकारली जाते. ‘यादृच्छिक संख्या लहान असेल तरच स्वीकारा’ असे लिहिले तर तीच हालचाल आपोआप नाकारली जाते. अटीची दिशा बदलली, प्रश्न मिटला.

२२ जानेवारी

कप्पा ० ला आकाराचाही अचूक ताळा मिळतो. जाळीच्या जोडणी-सारणीची (लाप्लास सारणी: कर्णावर शेजाऱ्यांची संख्या, शेजाऱ्यांच्या जोडीला −१) शून्य सोडून सगळी आयगेनमूल्ये काढायची. प्रत्येकाच्या व्यस्ताची तिप्पट करून बेरीज, भागिले न, ही परिभ्रमण त्रिज्येच्या (पटल किती पसरले आहे त्या मापाच्या) वर्गाची सरासरी. पायथनमध्ये ल = ३२ ची सारणी १०२४ × १०२४ ची, काही सेकंदांचे काम. मॉन्टे कार्लोशी जुळले.

मोठ्या जाळीसाठी हा वर्ग ल च्या लॉगरिदमप्रमाणे वाढतो, आणि उताराचा गुणक √३/(२ पाय) = ०.२७६. म्हणजे बाजू दुप्पट, मणी चौपट, आणि त्रिज्येच्या वर्गात भर फक्त ०.१९. उलट ३२ × ३२ ची जाळी बंध एकाएवढे ठेवून पूर्ण सपाट पसरली तर तोच वर्ग १०२३/६ = १७०.५. आरपार पटल किती विलक्षण घट्ट चुरगळते याची कल्पना या दोन आकड्यांतल्या दरीवरून येते. तेवढ्याच १०२४ मण्यांची ताठरपणा नसलेली सुटी साखळीसुद्धा त्या मानाने कितीतरी सैल असते.

२७ जानेवारी

संगणकाच्या प्रोसेसरच्या सोळा गाभ्यांवर काम वाटण्यासाठी मण्यांना रंग दिले, म्हणजे एका रंगाचे सगळे मणी एकाच वेळी हलवता येतील. त्रिकोणी जाळीला तीन रंग पुरतात, शेजारी कधीच एका रंगाचे येत नाहीत. म्हणून तीन घेतले. चालवलेली ऊर्जा आणि मोजलेली ऊर्जा पुन्हा फाटली.

शेजारी नसणे पुरेसे नाही. बिजागरीला चार मणी लागतात: दोन टोकांचे आणि समोरासमोरच्या दोन शिरोबिंदूंचे. ते समोरासमोरचे मणी √३ अंतरावर असतात, आणि तीन रंगांच्या वाटणीत एका रंगाचे मणी नेमके √३ अंतरावरच येतात. म्हणजे प्रत्येक बिजागरीची दोन्ही पाने एकाच वेळी हलत होती आणि दोघांनाही दुसरा स्थिर आहे असे वाटत होते.

उपाय चार रंगांचा: ओळ सम की विषम, स्तंभ सम की विषम. आता एका रंगाचे मणी किमान २ अंतरावर येतात आणि कुठलीही बिजागरी दोघांत वाटली जात नाही. प्रत्येक धाग्याला (एका गाभ्यावर चालणाऱ्या कामाला) वेगळी यादृच्छिक मालिका दिली. फरक पुन्हा नवव्या स्थानावर.

३ फेब्रुवारी

पावलाची लांबी. आतल्या मण्याला सहा स्प्रिंगा, त्यामुळे शेजारी स्थिर धरले तर त्याचे प्रत्येक दिशेतले प्रमाण विचलन १/√६ म्हणजे ०.४१. पाऊल त्याच सुमाराचे घेतले आणि निम्म्याच्या आसपास हालचाली स्वीकारल्या जातील असे जुळवले. जुळवणी फक्त सुरुवातीच्या, टाकून द्यायच्या फेऱ्यांतच. मोजणी चालू असताना पाऊल बदलत राहिले तर तपशीलवार समतोल (प्रत्येक हालचाल आणि तिची उलट हालचाल यांचा जुळता हिशेब) मोडतो, आणि ही चूक वरच्या कोणत्याही ताळ्यात ठळक दिसत नाही.

दुसरा मार्गही पाहिला: नवी जागा थेट शेजाऱ्यांच्या सरासरीभोवतीच्या गॉसियन वाटपातून उचलायची आणि फक्त वाकण्याच्या ऊर्जेवर निवाडा करायचा. कप्पा ० ला एकही हालचाल वाया जात नाही. पण कप्पा वाढला की एवढी मोठी उडी बारा बिजागऱ्यांना झेपत नाही आणि नकार वाढतात. आपल्याला रस असलेल्या भागात साधे पाऊलच बरे.

६ फेब्रुवारी

ल = १६, कप्पा ०.५ ते १.२, ०.०५ च्या टप्प्यांनी. विशिष्ट उष्मा म्हणजे कप्पाचा वर्ग × वाकण्याच्या (कप्पाने न गुणलेल्या) ऊर्जेचे प्रचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, भागिले न. साखळीच्या वक्राला चढ होता पण शिखर नव्हते, इथे ०.८ च्या आसपास उंचवटा आहे. रुंद आणि बोथट, पण आहे. त्याच जागी परिभ्रमण त्रिज्या चढायला लागते. यावरून अवस्थांतर म्हणायची घाई नको. आकाराबरोबर शिखर वाढते का, हा खरा प्रश्न.

१० फेब्रुवारी

ल = ३२. प्रत्येक कप्पाला आता दोन धावा: एक पूर्ण सपाट जाळीपासून, दुसरी आधी कप्पा ० ला चुरगळून घेतलेल्या जाळीपासून. दोन्ही एकाच सरासरीवर येईपर्यंतचा भाग टाकून द्यायचा.

कप्पा ०.५ ला दोघी पटकन भेटतात. १.० ला सपाट निघालेली लगेच स्थिर होते, चुरगळून निघालेली मात्र फार वेळ रेंगाळते. चित्र काढले तर कारण दिसते: जाळीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली एक लांब घडी. ती मोडायची तर सरकत सरकत कडेबाहेर जावी लागते, आणि एकेक मणी हलवून ते काम हळू होते. अशी धाव मध्येच थांबवली असती तर चुरगळलेली आणि सपाट अशा दोन अवस्था एकत्र नांदताना दिसल्या असत्या, आणि ते उडीच्या, म्हणजे एकदम घडणाऱ्या, अवस्थांतराचे लक्षण समजले गेले असते. दोन्ही टोकांकडून न निघालेल्या धावेचा आकडा या वहीत नोंदवायचा नाही.

वेळेचा हिशेब. चुरगळलेल्या भागात सर्वांत मंद लहर विसरायला लागणाऱ्या फेऱ्या ल च्या वर्गाने वाढतात. सपाट भागात त्या साधारण ल च्या ३.२ व्या घाताने वाढतात. त्यात मण्यांची संख्या चौपट धरली तर बाजू दुप्पट करण्याचा खर्च चुरगळलेल्या बाजूला १६ पट, सपाट बाजूला जवळजवळ ३७ पट.

१७ फेब्रुवारी

ल = ६४. एक कोटी फेऱ्या × ४०९६ मणी = ४१ अब्ज हालचाली. एका गाभ्यावर सेकंदाला वीस लाख हालचाली धरल्या तर ५ तास ४० मिनिटे. या आकाराला एक धाव सोळा गाभ्यांत वाटण्यापेक्षा सोळा वेगळ्या कप्पांच्या सोळा धावा लावणे फायद्याचे निघाले, कारण धाग्यांचे एकमेकांसाठी थांबणे वाचते. २७ जानेवारीचे चार रंग आता फक्त ल = १२८ साठी राखून ठेवले.

एक कोटी फेऱ्या ऐकायला पुष्कळ वाटतात. पण सहसंबंध-काळ (पटलाला आधीचा आकार विसरायला लागणारा काळ) ५०,००० फेऱ्यांचा असेल तर, दोन काळांमागे एक या हिशेबाने, खरोखर स्वतंत्र नमुने शंभरच, म्हणजे सरासरीतली त्रुटी मूळ विचलनाच्या एक दशांश. त्रुटीपट्टी नेहमी याच हिशेबाने काढायची. फेऱ्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागून काढलेली नाजूक पट्टी फसवी असते.

एका कप्पाच्या धावेवरून शेजारच्या कप्पाचे आकडे काढण्याची फेरेनबर्ग आणि स्वेंडसन यांची १९८८ ची रीत वापरली. ती किती दूर नेता येते त्यालाही मर्यादा आहे: अंदाजे १ भागिले ऊर्जेचे प्रमाण विचलन. विशिष्ट उष्मा १ धरली तरी ल = ६४ ला विचलन ६४/०.८ = ८०, म्हणजे पल्ला सव्वा शतांश. शिखराजवळ उष्मा १ पेक्षा जास्त असते, त्यामुळे पल्ला आणखी आखूड. म्हणून ०.७४ ते ०.८६ मध्ये धावा ०.०१ च्या अंतराने.

२४ फेब्रुवारी

तीनही आकारांचे वक्र एकावर एक. शिखर आकाराबरोबर उंच आणि अरुंद होते आहे. साखळीचा वक्र खाली तसाच, आकाराची दखल न घेणारा. बोविक आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये याच ऊर्जेसाठी, १२८ पर्यंतच्या बाजूंवर, संक्रमण कप्पा ०.७९ च्या जवळ ठेवले होते. आमचे शिखर त्या परिसरात आहे. मोकळ्या कडांमुळे लहान जाळीचे शिखर सरकते, म्हणून तिसऱ्या दशांशाची भाषा इथे करायची नाही.

हे अवस्थांतर अखंड (हळूहळू होणारे) आहे की उडीचे, हा जुना वाद. पाचुस्की, कारदार आणि नेल्सन यांच्या १९८८ च्या सिद्धांतात भोवतालच्या अवकाशाच्या मिती २१९ पेक्षा कमी असतील तर चढउतारांमुळे उडी यावी असे निघते. आपण ३ मध्ये आहोत. कोव्हनाकी आणि दिएप यांनी २००२ मध्ये वेगळ्या बंध-ऊर्जेच्या जाळीत उडीच दाखवली. आमच्या ल = ६४ च्या ऊर्जा-आयतालेखात एकच टेकडी आहे. पण दुर्बळ उडीच्या दोन टेकड्या वेगळ्या दिसायला जाळी त्या संक्रमणाच्या सहसंबंध-लांबीपेक्षा बरीच मोठी लागते. एक टेकडी दिसली म्हणून अखंड, असे लिहिणे चुकीचे होईल.

३ मार्च

सपाट अवस्था मुळात टिकते कशी, हा या विषयातला सर्वांत सुंदर भाग आहे. दोन मितींत, कोणत्याही कोनात वळू शकणाऱ्या दिशांची एकसारखी मांडणी सहसा उष्णतेपुढे टिकत नाही. द्रव पटलात तेच घडते: मेदरेणूंच्या दुहेरी थरात रेणू इकडून तिकडे वाहतात, लहरी त्याचा ताठरपणा अंतराबरोबर कमी करत जातात, आणि चुरगळण्याचे वेगळे अवस्थांतर उरत नाही. (थराचा ताठरपणा औष्णिक ऊर्जेच्या वीस पट असेल तर दिशा विसरायला लागणारे अंतर रेणूच्या आकाराच्या ई च्या ८४ व्या घाताइतके, म्हणजे व्यवहारात अनंत, पण तत्त्वतः सांत.)

जाळीत शेजारी कायमचे बांधलेले असतात. अशा पटलाला घुमटासारखा दोन्ही दिशांनी बाक द्यायचा तर बंध ताणावे लागतात. त्यामुळे उष्णतेने उठलेल्या लहरीच त्याला ताठ करतात. पत्र्याचे उदाहरण समोर आहे: सपाट पत्रा हातात लवतो, त्याच जाडीचा पन्हाळी पत्रा छपरावर माणसाचे वजन पेलतो. नेल्सन आणि पेलिटी यांनी १९८७ मध्ये दाखवले की हा परिणामी ताठरपणा लांबीच्या घाताने वाढत जातो. घातांक साधारण ०.८, ले दूसाल आणि राडझिहोव्स्की यांच्या १९९२ च्या गणितात ०.८२१, आणि त्यावरून खडबडीतपणाचा घातांक ०.५९.

आमच्या एककांत हे तपासण्याआधी एक रूपांतर लक्षात ठेवायचे: बिजागरीचा कप्पा × √३/२ म्हणजे अखंड पटलाचा ताठरपणा. ग्राफीनचा (कार्बनच्या एकाच अणुथराच्या पटलाचा) ताठरपणा सुमारे १.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, खोलीच्या तापमानाची औष्णिक ऊर्जा ०.०२५९. गुणोत्तर ४६, बिजागरीच्या भाषेत ५३. आमच्या ०.८ पासून हे इतके दूर आहे की ग्राफीन निव्वळ उष्णतेने चुरगळणार नाही. मात्र लहरी त्याला ताठ करतात. हा परिणाम सुमारे २ नॅनोमीटरपासून सुरू होतो. १० मायक्रोमीटरच्या पट्टीला ५००० पट अंतर, ०.८ घात, म्हणजे ताठरपणा ९०० पटींच्या घरात. कॉर्नेलमध्ये २०१५ साली ग्राफीन कात्रीकामासारखे कापून वाकवून पाहिले तेव्हा वाढ हजारो पट निघाली. त्यात कायमच्या सुरकुत्यांचाही वाटा असतो.

सजीवांतले उदाहरण तांबड्या पेशीचे. मेद धुऊन टाकला की मागे उरते ते स्पेक्ट्रिन या प्रथिनाचे, बहुतांश सहा-सहा जोडण्यांचे जाळे, म्हणजे आपलीच प्रतिकृती. १९९३ मध्ये विकिरणाच्या मोजमापात ते सपाट अवस्थेत आढळले.

१० मार्च

मण्यांना जाडी. व्यास १, आणि स्प्रिंगेऐवजी दोरी: बंध १ पेक्षा लहान नाही, √३ पेक्षा मोठा नाही. √३ का? तेवढ्या बाजूच्या समभुज त्रिकोणाच्या मध्यापासून शिरोबिंदू बरोबर १ अंतरावर असतात. म्हणजे दोरी यापेक्षा आखूड असली की कोणताही मणी त्रिकोणातून पलीकडे निसटू शकत नाही, पृष्ठभाग आपोआप अभेद्य होतो. पाऊलही लहान हवे, ०.१५ ठेवले, नाहीतर मणी एका उडीत पलीकडे पोचतो आणि नियम कागदावरच राहतो. सुरुवातीचे अंतर १.२. जवळचे मणी शोधायला जागेचे घनाकार खण पाडून त्यांची यादी, खणाची बाजू १.

स्प्रिंग गेल्यामुळे १५ जानेवारीचा ताळा इथे चालत नाही. त्याजागी दर १०,००० फेऱ्यांनी सर्व जोड्यांची संपूर्ण तपासणी: एकही अंतर १ च्या आत नको. एकदा सापडले, खणांची यादी मणी खण ओलांडून गेल्यावर ताजी होत नव्हती.

१८ मार्च

कप्पा ०, म्हणजे वाकायला एक पैसाही खर्च नाही, तरी पटल चुरगळत नाही. चुरगळलेल्या वाटणाऱ्या सुरुवातीपासूनही ते उलगडत जाते. जडत्व-सारणीची दोन मोठी आयगेनमूल्ये ल च्या वर्गाने वाढतात, तिसरे बरेच हळू. लहान जाळ्यांवरच्या १९८६ च्या पहिल्या कामात फ्लोरी या शास्त्रज्ञाच्या रीतीने काढलेल्या अंदाजाप्रमाणे ०.८ घातांकाची (आकार ल च्या ०.८ व्या घाताने वाढणारी) सैल चुरगळ दिसली होती. १९८८-८९ मध्ये प्लिश्के, बोआल आणि एब्रहॅम यांच्या मोठ्या जाळ्या सपाट निघाल्या. आमच्याही.

कारण बिजागरीतच आहे. बंध १ चे असतील तर समोरासमोरचे दोन मणी घडी मिटताना एकमेकांना भिडतात आणि दोन पानांमधला कोन ७०.५ अंशांच्या खाली जाऊच शकत नाही. (हाच समचतुष्फलकाचा कोन, चार मणी एकमेकांना टेकले की तोच आकार होतो.) म्हणजे दूरच्या मण्यांची टक्कर व्हायच्या आधीच, जवळच्या दोन मण्यांच्या जाडीमुळे पटलाला आयता ताठरपणा मिळतो, आणि तो चुरगळण्याच्या मर्यादेपलीकडचा असतो.

साखळीत उलट. तिथे मण्यांना जाडी दिली की घातांक ०.५ वरून ०.५८८ होतो, साखळी थोडी फुगते, पण भरकटलेलीच राहते.

२४ मार्च

या आठवड्यात लावलेल्या धावा: जाड मण्यांच्या जाळीतून यादृच्छिकपणे बंध काढून टाकायचे, ५ टक्क्यांपासून ३० पर्यंत, ल = ३२ आणि ६४. बंध काढताना एकही तुकडा सुटा होता कामा नये, म्हणून प्रत्येक काढणीनंतर जोडलेपणाची तपासणी. भोके मोठी झाली की √३ ची अभेद्यता उरत नाही आणि पटल स्वतःच्या भोकातून ओवले जाऊ शकते. अशा धावा वेगळ्या खुणेने ठेवायच्या. आरपार पटलासाठी ल = १२८, कप्पा ०.७७ ते ०.८१, चार रंगांसह, दोन्ही सुरुवातींपासून. पहिली तपासणी ७ एप्रिलला.